नानांच्या हातून न तुटलेला स्टड

लोटन नाना साहेब लोकांची पारख गाडीच्या दारावरून करायचे. दार आपटणारे साहेब, दार ओढून घेणारे साहेब, दार लावायला विसरणारे साहेब आणि दार कोणीतरी लावून देईल म्हणून वाट पाहत बसणारे साहेब. कालव्यांच्या खात्यात मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून धुळ्याला रुजू झालो, पहिल्याच दिवशी नानांच्या सरकारी जीपमध्ये बसलो आणि या यादीत एकाची भर पडली. मी दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही. नानांनी गिअरवरचा हात काढला, माझ्या अंगावरून वाकून दार उघडलं, धाडकन लावलं आणि म्हणाले, "साहेब, दाराला कळू तरी द्या की तुम्ही बसलात."

मी काही बोललो नाही. मी सहसा बोलत नाही. लोक याला सभ्यपणा समजतात, माझी बायको सोडून. ती म्हणते, तुमच्या पोटात गेलेली गोष्ट आणि विहिरीत पडलेली बादली सारखीच. तिचं खरं आहे, आणि म्हणून नानांबद्दल लिहायला बसल्यावर ती बादली आधीच वर काढून ठेवतो. नानांच्या जीपचा स्टड मी तोडला. आणि तो नानांच्या हातून तुटला असं नानांना, त्यांच्या घरच्यांना आणि गल्लीला वाटत असताना मी गप्प बसलो.

हं. आता नाना.

अंगाने ठेंगणे, छाती मात्र माणसाच्या आधी दोन पावलं चालणारी. डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र आणि मिशा काळ्याभोर. कोणी विचारलं तर म्हणायचे, "केस घरचे आहेत, मिशा ड्यूटीच्या." रिटायर झाल्यावरही मिशा काळ्याच राहिल्या, तेव्हा ऑफिसातल्या एकाने टोकलं. नाना म्हणाले, "माझी ऑर्डर आली, मिशांची अजून यायची आहे."

बढाई मारण्यात त्यांना संकोच नव्हता. आपल्याला येतं ते तर ते सांगायचेच, येत नाही तेही सांगायचे. एकदा एका कालव्याच्या भिंतीजवळ जीप उभी केली आणि खाली न उतरताच म्हणाले, "ही भिंत या पावसाळ्यात जाईल." मी म्हटलं, नाही जाणार. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी डिग्री मलाच खोटी वाटली. पावसाळा गेला, भिंत जागच्या जागी. मी एवढंच म्हणालो, "नाना, भिंत?" नाना म्हणाले, "तिने विचार बदलला, साहेब. आपण बोलत होतो ते ऐकलं ना तिने."

साक्री रस्त्यावर एक ढाबा होता. तिथली शेवभाजी अशी की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणि दुसऱ्याला पुन्हा हात पुढे. त्या ढाब्याच्या अलीकडे आलं की जीपचं इंजिन हमखास गरम व्हायचं. नाना काट्याकडे बोट करायचे, "बघा साहेब, चढला. थंड होऊ द्यावं लागेल." इंजिन थंड होईपर्यंत आम्ही गरम व्हायचो. पुढे कितीतरी महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की तो काटा गाडी बंद असतानाही तिथेच असतो. मी नानांना बोललो नाही. शेवभाजी मलाही आवडत होती.

पण एका बाबतीत ते कडक होते, आणि तो कडकपणा त्यांच्या घरी सगळ्यांत महाग पडला. सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही. अक्का, म्हणजे त्यांची बायको, पिंपळनेरच्या. धाकटा भाऊ तिथेच. आणि आमचं निम्मं काम पिंपळनेरच्याच बाजूला. जीप त्या रस्त्याने जायची, अक्का त्याच रस्त्याने एस.टी.ने जायच्या. एकदा त्या गाठोडं घेऊन स्टँडबाहेर उन्हात उभ्या होत्या आणि नाना रिकामी जीप घेऊन समोरून गेले. हा प्रसंग मी पाहिलेला नाही, पण अक्कांनी तो मला इतक्यांदा सांगितला की पाहिल्यासारखाच आहे.

"थांबनात नहीत, साहेब! दोन डाव हॉर्न वाजाडा, नि निंघी गयात!"

नाना शांतपणे सुपारी कातरत म्हणायचे, "ओळख दिली की नाही? हॉर्नपण सरकारीच होता. तोसुद्धा नियमाबाहेर जाऊन दिला."

"व्हय, उपकार व्हयनात!" अक्का म्हणायच्या.

नाना रिटायर झाले आणि पाठोपाठ जीपही. खात्याने तिचा लिलाव पुकारला तेव्हा भंगारवाल्यांच्या घोळक्यात पांढरा शर्ट घालून एकच माणूस उभा होता. ओढत आणलेली जीप घरासमोरच्या कडुलिंबाखाली लागली. त्या दिवशी नानांनी अक्कांना गल्लीसमक्ष सांगितलं, "आता ही खात्याची नाही, आपली आहे. हिच्यात पुढे, साहेबाच्या जागेवर बसवून तुला माहेरी नेतो."

नाना बोलले आणि जीप तिथेच राहिली. आज टायर, उद्या बॅटरी, परवा मुलाच्या घरचं काही. उन्हाळे गेले. अक्का जीपच्या टपावर आणि बॉनेटवर कापड पसरून ज्वारीचे बिबडे वाळत घालायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायच्या, "आमनी गाडी शे ना, भलती कामनी शे." मग अक्कांचे गुडघे गेले. एस.टी.ची पायरी त्यांना चढवेना. भाऊही थकला होता, त्याचंही येणं थांबलं. दोघं फोनवर बोलायची आणि फोन ठेवला की अक्का जीपकडे बघायच्या. हॉर्नची गोष्टही त्या सांगेनाशा झाल्या, तेव्हा नाना घाबरले. मला जळगावला फोन आला, "साहेब, रविवारी मोकळे असता का? गाडीला हात घालू म्हणतो."

माझी बदली जळगावला होऊन बरीच वर्षं झाली होती. रविवारी सकाळी मेहरूणच्या तलावाला चकरा मारायच्या आणि घरी येऊन पेपर वाचायचा, असं माझं चाललेलं. मी धुळ्याची बस धरली. मग रविवारी धुळ्याला जायचं हे ठरूनच गेलं.

मला त्यातलं काही येत नव्हतं. मी पाने हातात द्यायचो, फडकं धरायचो, आणि नाना सांगायचे ते ऐकायचो. नटांबद्दल त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. रॉकेल आणि ब्रेक ऑइल एकत्र करून ते एका जुन्या सरबताच्या बाटलीत ठेवायचे, त्याला 'मिक्श्चर' म्हणायचे. गंजलेल्या नटाला आधी मिक्श्चर पाजायचं. मग पाना लावून ढिला करण्याआधी केसभर आवळायचा. "म्हणजे तो विचारतो, जाऊ का? आपण म्हणायचं, जा बाबा." दोन बोटांत पाना धरून ते डोळे मिटायचे आणि खरोखर काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवायचे. नट सुटला की उजवा हात माझ्यासमोर धरायचे. "हा हात बघून घ्या. या हातून आजपर्यंत एक स्टड तुटलेला नाही. धुळ्यात कोणालाही विचारा."

स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट. एक टोक इंजिनाच्या लोखंडात रुतलेलं, दुसरं बाहेर, त्यावर नट. इंजिनातून धूर ज्या ओतीव नळीतून सायलेन्सरकडे जातो, ती नळी अशा स्टडांनी इंजिनाला धरून ठेवलेली असते. आमच्या जीपचा धूर सायलेन्सरपर्यंत पोचतच नव्हता. नळीच्या फटीतून निघून थेट पुढच्या सीटवर यायचा, साहेबाच्या जागेवर. अक्कांना तिथे बसवायचं तर नळी खोलून नवी पॅकिंग घालणं भाग होतं. नानांनी एकेक करून नट काढले. मागच्या कोपऱ्यातला शेवटचा तेवढा राहिला. नानांनी त्याला मिक्श्चर पाजलं. "याला संध्याकाळपर्यंत झोपू द्या. मीपण झोपतो." कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन ते आत जाऊन आडवे झाले.

मी जीपपाशी एकटा उरलो.

का केलं, ते सांगतो. इतक्या वर्षांत नानांनी मला कधी शाबास म्हटलं नव्हतं. ते उठतील तेव्हा तो नट काढून त्यांच्या तळहातावर ठेवावा, एवढंच मनात होतं. पन्नाशीच्या माणसाने असं काही मनात आणू नये, पण आलं. पाना लावला. नट हलेना. आवळून बघायचं मी विसरलो. कुंपणाला टेकवलेला एक लोखंडी पाइप होता, तो पान्याच्या दांडीवर चढवला आणि जोर केला.

हललं. पण जे हललं तो नट नव्हता. हाताला काहीतरी मऊ लागलं, ओल्या सुंभाला पीळ बसावा तसं. बाहेरून काही दिसत नव्हतं. मला मात्र कळलं, आणि मी ताबडतोब थांबलो. पाइप काढून होता तिथे टेकवला. पाना पुसून ठेवला. ओट्यावर येऊन बसलो आणि पेपर उघडला.

नाना उठले, चहा झाला. "चला, उठवू त्याला." पाना लावला. दोन बोटं. डोळे मिटले. मान हलली. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. 'नाना, थांबा', दोनच शब्द.

टक्.

पान्यात नट, नटात स्टडचा तुकडा. उरलेला इंजिनात, नखभर बाहेर डोकावणारा. नानांनी पान्याकडे बघितलं. मग हाताकडे. आतून अक्का आल्या, "काय व्हयनं?"

मी म्हणालो, "गंज फार होता, नाना."

"गंज नव्हता, साहेब," नाना म्हणाले. "हात होता."

माझं तोंड उघडलेलं होतं. ते मी मिटलं आणि बस चुकेल म्हणून निघालो.

पुढचे काही दिवस मी मेहरूणला चकरा मारताना एकच वाक्य पाठ करत होतो. फोन हातात घेत होतो, ठेवत होतो. रविवार आला तर पाहुणे येणार आहेत म्हणून कळवलं. पाहुणे नव्हते. आणि त्याच दिवशी दुपारी अक्कांचा फोन आला. अक्का मला कधी फोन करत नसत.

"साहेब, यास्नी गाडी इकाले काढी. भंगारवाला ई ऱ्हायना पुढला ऐतवारले."

"का हो, अक्का?"

"म्हनतंस, ज्या हातले नट समजना नही, त्याले रस्ता काय समजी? तुले बसाडीसन खड्डामा घालू का?" मग हळूच म्हणाल्या, "आन मी भाऊले सांगी बठनू, गाडीमा येस म्हनीसन."

स्टड तुटला, तो बदलता आला असता. मी काय तोडलं होतं ते मला तेव्हा समजलं. माणसाने आयुष्यभर ज्या हातावर भरवसा ठेवला तो हात मी त्याच्याकडून काढून घेतला होता, आणि त्याच्याबरोबर अक्कांचं माहेर.

पुढच्या रविवारी पहिल्या बसने निघालो. पारोळा मागे पडेपर्यंत वाक्य नीट पाठ होतं. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर ते साफ विसरलं. लिंबाखाली भंगारवाला टेम्पो लावून दोर सोडत होता. नाना ओट्यावर खुर्ची टाकून पाठमोरे बसले होते. जीपकडे पाठ. जवळ गेलो तेव्हा दिसलं, मिशांच्या मुळांशी पांढरं आलं होतं. त्यांनी मिशा रंगवल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"या साहेब. पाहुणे गेले?"

"नाना, स्टड मी तोडला."

"काय?"

मी मोठ्याने म्हणालो. इतक्या मोठ्याने, की भंगारवाल्याने दोर खाली ठेवला. "स्टड मी तोडला. तुम्ही झोपला होतात तेव्हा. तुमच्या हातात तो नुसता सुटून आला."

नाना वळले. "कशाने तोडला?"

"पाइप लावून."

"कुठला पाइप?"

मी कुंपणापाशी जाऊन पाइप घेऊन आलो. नानांनी तो उभा धरला. त्यांच्या कमरेच्या वर आला. पाइपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पाइपाकडे.

"अहो साहेब," ते म्हणाले, "या पाइपाने हातपंप उपटतात!"

मी शिव्या खायची तयारी करून आलो होतो. अबोला धरतील, घरातून घालवतील, याचीही तयारी होती. पुढे जे झालं त्याची नव्हती. नाना खुर्चीवरून उठले. छाती पूर्वीसारखी दोन पावलं पुढे गेली. उजवा हात त्यांनी वर केला, उलटा केला, सुलटा केला, आणि घराकडे तोंड करून ओरडले, "आयकं का व! साहेबनी तोडा! मी नही तोडा! साहेबनी तोडा!"

समोरच्या घरातलं माणूस बाहेर आलं. नाना त्यालाही पाइप दाखवायला लागले. "हा बघा. हा लावला यांनी, पान्याला. इंजिनिअर आहेत!" भंगारवाल्याला पाइप हातात देऊन म्हणाले, "धर. वजन कर याचं. आणि दोर गुंडाळ. गाडी मिळणार नाही."

"नाना, मी टेम्पो घेऊन आलो ना इतक्या लांबून!"

"मग चहा पी आणि जा इतक्या लांब."

अक्का दारात उभ्या होत्या. त्या काही नाचल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. "आन इतला दिन काबरं चूप बसनात?"

मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. हिंमत झाली नाही हे खरं आहे, पण ते उत्तर नव्हे. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या. नानांना दिला. भंगारवाल्याला दिला. समोरच्या माणसालाही दिला. ट्रे घेऊन परत आत गेल्या. मला चहा नव्हता.

भंगारवाला बशीत फुंकर मारत म्हणाला, "साहेब, अजून एक तास गप्प राहिला असता तर माझं काम झालं असतं."

चहा संपल्यावर नानांनी निकाल दिला. "ज्याने तोडला तो काढेल. मी या खुर्चीतून उठणार नाही. माझा हात लागला आणि पुन्हा काही तुटलं, तर यांची परत सुटका होईल." खुर्ची त्यांनी जीपच्या अगदी बॉनेटपाशी ओढून घेतली. आणि मी, ज्याने आयुष्यात कागदावरच्या रेघांपलीकडे काही कापलं नव्हतं, अस्तन्या वर करून इंजिनात वाकलो.

नाना म्हणाले, दुपारपर्यंत निघेल. दुपारी म्हणाले, संध्याकाळपर्यंत. उरलेल्या नखभर टोकावर करवतीने खाच पाडून त्यात पेचकस घालायचा, ही त्यांची पहिली युक्ती. खाच पाडता पाडता माझी बोटं सोलली, पेचकस घातला, आणि खाचेची एक कड मोडून पडली. "असू दे," नाना म्हणाले, "स्टड घाबरला आता." मग स्टडच्या भोवतीचं लोखंड ब्लोलॅम्पने तापवायचं आणि गरम असतानाच मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांमध्ये शिरतं आणि गंजाची पकड सैल होते. मेणबत्ती अक्कांनी आणून दिली, माझ्याकडे न बघता.

"हाई मन्हा भाऊनी सांगेल शे," त्या नानांना म्हणाल्या. "ट्रॅक्टरना येळे त्यानी असंच करं व्हतं."

"तुझ्या भावाला कोणी शिकवलं?"

"कोनी?"

"मीच."

"तुम्ही त्याले फक्त बिड्या वढाले शिकाडात," अक्का म्हणाल्या, आणि मी हसलो. माझं हसू ऐकून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. अजून चहा मिळण्याइतकं नाही, पण पाहिलं.

दरम्यान ओट्यासमोरून कोणीही गेलं की नाना त्याला थांबवत. दूधवाला, पोस्टमन नव्हे पण पोस्टमनचा भाऊ, दळण घेऊन चाललेली बाई. "ते वाकलेत ना, ते साहेब. यांनी तोडला." मग पाइप. पाइप आता ओट्यावर मानाने उभा केला होता. सुरुवातीला माझे कान तापत होते. दळणवाल्या बाईपर्यंत सवय झाली. तिसऱ्या प्रहरी तर एका म्हाताऱ्याने विचारलं, "कशाला हो पाइप?" आणि मीच इंजिनातून डोकं वर काढून सांगितलं, "मला वाटलं नट आहे." ते दोघं जे हसले, त्यात मीही होतो. लपवलेली गोष्ट इतकी जड असते आणि सगळ्यांना माहीत झालेली इतकी हलकी, हे मला कोणी आधी का नाही सांगितलं?

शेवटी मागच्या गल्लीतला खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा वेल्डिंगचा सेट घेऊन आला. स्टडच्या टोकावर एक नवा नट ठेवून त्याने आतून वेल्डिंग भरलं, म्हणजे नट आणि स्टड एकजीव. पहिला नट थंड व्हायच्या आत गळून पडला. मी त्याला बोटही लावलं नव्हतं. नाना म्हणाले, "हापण साहेबांनीच तोडला." दुसरा धरला. लालभडक होता, मग तांबूस, मग काळपट.

"आता?" मी विचारलं.

"थांबा."

"आता लावू?"

"साहेब, कधी नाही ते आज एवढं बोलता? थांबा म्हटलं ना."

मग त्यांनी मान हलवली. मी पाना लावला. पाइप नाही. आधी आवळला, केसभर. मग उलटा, केसभर. पुन्हा आवळला. नाना खुर्चीच्या कडेवर आले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. अक्का मागे उभ्या होत्या. काहीतरी बारीक किरकिरलं, आणि हाताला लागलं. मागच्या वेळेसारखं मऊ नाही. हे कडक होतं, सरळ होतं, जागचं निघालेलं. पिळणं वेगळं आणि फिरणं वेगळं, हे कोणी तोंडाने सांगू शकत नाही. मी डोळे मिटले होते हे मला नंतर समोरच्यांनी सांगितलं.

"समजलं?" नाना अगदी हळू म्हणाले.

"समजलं."

स्टड बाहेर आला, काळा, मेणाने माखलेला. मी तो नानांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट बघितला, आटे तपासले आणि म्हणाले, "वाईट नाही." अक्का आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. या वेळी एकच कप होता, आणि तो माझा होता.

नवा स्टड, नवी पॅकिंग, आणि पुढच्या एका रविवारी धूर जिथून निघायचा तिथूनच निघायला लागला. मी सकाळीच पोचलो. अक्का नवं लुगडं नेसून, भावासाठी डबा आणि पिशवी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी जीपच्या पायरीशी स्टूल ठेवला. एक पाय स्टुलावर, एक हात माझ्या खांद्यावर, आणि अक्का साहेबाच्या जागेवर बसल्या. समोरची काच त्यांनी पदराने पुसली, खरं तर ती स्वच्छच होती. मी मागचं दार उघडायला गेलो. मला वाटलं, मलाही जायचंय.

"साहेब, आज तुम्ही ऱ्हाऊ द्या," अक्का पुढून म्हणाल्या. "आज साहेब मी शे."

नाना हसत सुटले. स्टार्टर फिरला, जीप खोकली, आणि लिंबाच्या सावलीतून उन्हात गेली.

नाना त्याच वर्षी दिवाळीनंतर गेले. मी दौऱ्यावर होतो, पोचू शकलो नाही. त्यामुळे माझ्यापाशी शेवटचे नाना आहेत ते त्या सकाळचे. जीप गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि पानटपरीसमोर थांबली. मला वाटलं, काही तुटलं. पण इंजिन चालू होतं. टपरीवाला पुढे होऊन खिडकीत वाकला. नाना त्याला काहीतरी सांगत होते. मग त्यांचा उजवा हात खिडकीतून बाहेर आला, मागे वळला, आणि त्या हाताचं बोट थेट माझ्यावर रोखलं गेलं. टपरीवाल्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पलीकडच्या खिडकीतून अक्कांनीही डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

टपरीवाला तिथूनच ओरडला, "साहेब, खरं का हो?"

मी गल्लीच्या मधोमध उभा होतो. मी हात वर केला, पूर्ण वर, शाळेतल्या पोरासारखा, आणि जीप वळून दिसेनाशी होईपर्यंत तसाच धरून ठेवला.